बिनतारी काका

माझे पहिले साहेब रत्नागिरीत आमच्याच आळीत, पाखाडीच्या वरच्या टोकाला राहत. आमचं घर खालच्या टोकाला. मधे जांभ्याच्या पायऱ्यांची चढण, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि एक सदा झोपलेला कुत्रा. त्यांच्या आगरात नारळ पडला तर आमच्या ओटीवर ऐकू यायचा. तरीही मी त्यांची व्हर्च्युअल असिस्टंट होते, म्हणजे कुठेतरी दूर बसून फोनवरून आणि इंटरनेटवरून कामं उरकणारी बाई. आणि मी दूरच बसलं पाहिजे असा त्यांचा हुकूम होता.

हल्ली आम्ही सावर्ड्याला राहतो. माझ्याकडे आता बऱ्याच जणांचं काम असतं. लांज्याचा एक काजूवाला आहे, हर्णेला पाहुण्यांची राहायची-जेवायची सोय करणारं एक जोडपं आहे. धंदा करता येतो पण आलेल्या मेसेजला उत्तर द्यायला वेळ नाही, अशी ही माणसं. त्यांची उत्तरं मी देते, ऑर्डरी टिपून घेते, पार्सल कुठे अडकलं ते शोधते, सणासुदीला शुभेच्छा टाकते. हे काम कुठे शिकलात असं कोणी विचारलं की मी एका कोर्सचं नाव सांगते. तो केलाय मी, खोटं नाही. पण खरं शिकले ते काकांच्या हाताखाली, आणि ते सांगत बसले तर विचारणारा कंटाळून उठून जायचा. आज तुम्ही सापडलात, तर सांगून टाकते.

काका बोटीवर होते. आमच्याकडे प्रत्येक आळीत एखादा तरी बोटीवरचा असतो, कोणी इंजिनात, कोणी भटारखान्यात. काका बिनतारी यंत्रावर. जहाज आणि किनारा यांच्यात जे काही बोलणं व्हायचं ते त्यांच्या बोटांतून जायचं. कोणाला मुलगा झाला, कोणाचे वडील गेले, कोणाच्या घराचे पत्रे उडाले, सगळं आधी काकांना कळायचं आणि मग ज्याचं त्याला.

"त्यातलं एक अक्षर मी कधी बदललं नाही," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, अर्थात फोनवर. "आणि एक अक्षर तिसऱ्याला सांगितलं नाही. आपलं काम निरोप पोचवायचं. त्यात आपलं तोंड घालायचं नाही. तुझंही काम तेच आहे, कळलं?"

मी म्हटलं, कळलं.

"परत सांग काय कळलं ते."

ही त्यांची सवय. प्रत्येक निरोप परत वाचून दाखवायला लागायचा. नाव-पत्ता तर अक्षर फोडून. "नाशिक. न नळातला, श शहामृगातला, क कमळातला." मी म्हणायचे, काका, नाशिक मला माहीत आहे. तर ते म्हणायचे, तुला माहीत आहे गो, पण वारा असता तर?

मी घरी यायचं नाही हा नियमही त्यांचाच. "समोरासमोर आलं की माणूस कामाचं सोडून चहाचं बोलतो. मग शेजाऱ्यांचं बोलतो. काम राहतं बाजूला. तू माझ्याकडे यायचं नाहीस, मी तुझ्याकडे येणार नाही. रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवायची नाही." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दोनच दिवसांनी भाजी मार्केटात दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली चौकड्याची लुंगी, हातात पिशवी. मी आपली सहज म्हटलं, "काय काका, भाजी?" त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडच्या दुधीकडे पाहिलं आणि भाजीवालीशी बोलायला लागले. मी घरी पोचते तोवर मेसेज हजर. "मार्केटमध्ये हाक मारलीस. पुन्हा नको. समाप्त."

प्रत्येक निरोपाच्या शेवटी समाप्त. बोललेल्या निरोपातही. मोबाइलवर ते असे बोलायचे, की जणू समोरचा माणूस अरबी समुद्राच्या पलीकडे उभा आहे. "खालचं स्टेशन, खालचं स्टेशन, ऐकतेस का?" हे आधी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं आणि मग मोबाइल वाजायचा. माझ्या सासूबाईंना तर मोबाइलची गरजच उरली नाही. "अगो, ठाण्याच्या पार्सलात मेतकूट घालायला सांगतायत," असं त्या मला भाजी चिरता चिरता सांगायच्या. आणि वर, "कामाला ठेवलंय म्हणे, आणि घरात पाऊल टाकू देत नाहीत. कसली गो ही नोकरी?"

खरं म्हणजे हा धंदा काकांचा नव्हताच, तो काकूंचा. काका समुद्रावर असताना काकूंनी तो उभा केला. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कोकमाचं आगळ, मेतकूट, कुळथाचं पीठ. हाताखाली मंदाताई नावाची एक बाई, घरातलीच झालेली. गिऱ्हाइकं ठाण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंत, आणि सगळी एकमेकांच्या ओळखीतून वाढलेली. मग काकूंचे दोन्ही गुडघे गेले. पुण्याला मुलीकडे जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं, नेमकं आंब्याच्या तोंडावर. मुलीने इंटरनेटवर धंद्याला मदतनीस शोधायला घेतली आणि तिला सापडले मी, त्यांच्याच पाखाडीच्या पायथ्याशी.

जाताना काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हंगामभर बघते. गिऱ्हाईक टिकलं तर येते परत. नाही टिकलं तर आहे तिथेच बरी. मुलीकडे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. नवे गुडघे घालून ह्या पाखाडीवर झिजवायची मला हौस नाही."

काकांनी हे शब्दशः घेतलं. मला दिलेला पहिलाच हुकूम हा होता. "एक गिऱ्हाईक कमी होता कामा नये. झालं तर ती येणार नाही." आणि मग जरा थांबून, "समाप्त."

त्या थांबण्यामुळे मला म्हाताऱ्याची माया वाटायला लागली. नाहीतर वैताग आणायचा माणूस. मी लिहायचे, "नमस्कार, आपली ऑर्डर मिळाली, मनःपूर्वक धन्यवाद, पार्सल लवकरच आपल्या सेवेत रुजू होईल." काका म्हणायचे, "मनःपूर्वक काढ. रुजू काय होतंय, कारकून आहे का ते? लवकरच काढ, वार सांग. नमस्कार राहू दे." उरायचं काय, तर "नमस्कार. ऑर्डर मिळाली. पार्सल गुरुवारी." आणि गंमत सांगते, गुरुवार म्हटलं की गुरुवारीच निघायचं. आजही मी कोणाला लवकरच असं लिहीत नाही.

पॅकिंग ते स्वतः करत, कोणाला हात लावू देत नसत. खोका, वर गोणपाट, वर सुतळी, आणि सुतळीला अशा गाठी की पार्सल समुद्रात पडलं तरी सुटू नये. डोंबिवलीच्या एका बाईंनी मला विचारलं, पोळी खायची कशी ते माहीत आहे, पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? मी निरोप वर पाठवला. काकांचं उत्तर आलं, "डावं टोक आधी. समाप्त."

आणखी एक खोड होती. तासातून दोनदा ते बोलता बोलता गप्प व्हायचे. फोन चालू, पलीकडे माणूस आहे, पण शब्द नाही. पहिल्यांदा मी घाबरून हॅलो हॅलो करत राहिले. नंतर कळलं की जहाजावर तसा नियम होता. ठरलेल्या मिनिटांना सगळ्या यंत्रांनी गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं, म्हणजे कुठे कोणी संकटात असेल तर त्याची हाक ऐकू यावी. नोकरी संपून किती वर्षं झाली, पण काकांची ती मिनिटं सुटली नव्हती. "कोणाला काय सांगायचं असेल तर त्याला जागा नको का?" ते म्हणायचे. मंदाताईचं मत वेगळं होतं. "बाय, म्हातारपन हाय ता. आमचा सासरा पन असाच बसायचा."

ह्या सगळ्यात सगळ्यात अजब काम म्हणजे काकूंना निरोप. स्वतःच्या बायकोशी काका माझ्यामार्फत बोलायचे. फोन केला की पाल्हाळ लागतं, हे कारण. रोज संध्याकाळी वरून आवाज यायचा, "पुण्याला कळव. गुडघा कसा. इथे सर्व ठीक. समाप्त." मी कळवायचे. काकूंचं उत्तर मला यायचं, "त्यांना सांग, गुडघे दोन आहेत. कुठल्याची चौकशी चाललीय?" मी ते वर पाठवायचे. मग वरून, "दोन्ही."

एकदा मी काकूंना म्हटलं, तुम्हाला ह्याचा राग नाही येत? त्या हसल्या. "अगो, माझा सगळा संसारच ह्या पद्धतीचा. तुमचं ते व्हर्च्युअल का काय, ते आमच्याकडे तेव्हापासून आहे. विहीर कुठे खणायची ते ह्यांनी सिंगापूरहून कळवलंन."

"मग?"

"मग काय. मला हवी तिथे खणली आणि सांगितल्याप्रमाणे केलं असं कळवून टाकलं."

हंगामाची पहिली पार्सलं गेली. माल उत्तम होता, मंदाताईच्या हाताला तोड नाही. चार दिवसांनी पोच यायला लागली आणि मला कळेना काय चाललंय. तक्रार एकही नाही, पण जो तो एकच विचारतोय, "काकू बऱ्या आहेत ना?" ठाणं विचारतंय, नागपूर विचारतंय. मी काकांना विचारलं, काय उत्तर देऊ? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला घरचं सांगायचं नसतं. "लिही, चौकशीबद्दल आभार. पार्सल पोचल्याचं कळवा." मी म्हटलं, काका, जरा तुटक वाटेल हो. तर म्हणाले, तोंड घालू नकोस. मी तेच उत्तर सगळ्यांना पाठवलं. नोकरी होती, करते काय.

तर त्याचं झालं असं. काकू प्रत्येक पार्सलात वानवळा घालायच्या. आपल्या आगरातलं थोडंसं काहीतरी, कोणी न मागितलेलं. कोणाला दोन जायफळं, कोणाला चार लिंबं. घरात बाळंतीण असेल तिथे अहळिवाची पुडी. नाशिकच्या एका बाईंचं माहेर इकडचं, आईवडील राहिले नाहीत, तर त्यांना दर चैत्रात सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा. सुकून जायचा वाटेत, पण वास तसाच. हे ना ऑर्डरीत होतं ना कुठे लिहिलेलं, सगळं काकूंच्या डोक्यात. काकूंची स्वतःची आई गेली त्या वर्षीही वानवळा चुकला नव्हता. काकांना ह्यातलं ओ की ठो माहीत नाही, कारण नोकरीत असताना ते समुद्रावर, आणि नंतरही काकू त्यांना खोक्यांजवळ फिरकू देत नसत. आणि मंदाताईला वाटलं, पॅकिंग काका करतात म्हणजे तेच घालत असतील. खोक्यात ऑर्डरीचा माल तेवढा गेला, ना कमी ना जास्त.

आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं न चुकलेला वानवळा एकाएकी बंद झाला, चौकशी केली तर कोणीतरी नुसतं "आभार" म्हणतंय, तर माणूस काय समजेल?

त्या दिवशी सकाळी मी बांगडे साफ करत होते. हात भरलेले. मोबाइल ओट्यावर सारखा वाजतोय. मी सासूबाईंना म्हटलं, बघा हो जरा. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, आणि मटकन पाटावर बसल्या.

"अगो, वरची गेली."

"कोण वरची?"

"काकू गो. भावपूर्ण श्रद्धांजली आलीय."

मी तशीच उठले. गिऱ्हाइकांचा आमचा एक ग्रुप होता. त्यात नाशिकच्या बाईंनी भलामोठा मजकूर टाकला होता. वळेसर आला नाही तेव्हाच मनात पाल चुकचुकली, काकूंनी मला माहेर दिलं, आता चैत्रात कोणाची वाट बघू, असं बरंच. वाचून मलाच गलबलून आलं. त्याखाली रांग. ठाण्याच्या आजोबांनी श्लोक टाकलेला. कोणी समई, कोणी हात जोडलेले. एका मुलीने लिहिलं होतं, माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या सासरहून कोणी विचारलं नाही, पण रत्नागिरीहून अहळीव आलं होतं. इकडे सासूबाई डोळे पुसतायत, "परवाच बोलली गो माझ्याशी, आमसुलं उन्हात घाल म्हणाली." मी म्हटलं, अहो आई, कालच मी बोललेय त्यांच्याशी, व्यायाम करत होत्या.

काकांना फोन लावला. उचलत नाहीत. पुन्हा लावला. उचलत नाहीत. काही न विचारता ग्रुपवर लिहायची मला मुभा नव्हती. शेवटी नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि बांगड्यांच्या हातांनी पाखाडी चढले.

काका घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर ताठ बसले होते, डोळे मिटून. त्यांची ती ऐकायची मिनिटं चालू होती. माझी चाहूल लागल्यावर डोळे न उघडता त्यांनी हात वर केला, थांब. मी म्हटलं, "काका, जे काय बुडायचं ते इथेच बुडतंय. फोन बघा."

त्यांनी फोन बघितला. वाचत गेले आणि चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांना ते खरं वाटतंय. दुसऱ्यांच्या घरच्या असल्या बातम्या त्यांनी जन्मभर घेतल्या होत्या, त्या अशाच यायच्या, परक्याकडून, अवचित. त्यांनी वाचलेलं परत वाचलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, "कधी?"

"काका, अहो खोटं आहे ते," मी ओरडलेच. "वानवळा गेला नाही म्हणून लोकांनी मनाचं ठरवलंय. काकू ठणठणीत आहेत."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर काकूंचा मेसेज आला होता. त्याही ग्रुपमध्ये होत्याच की.

"सकाळपासून वाचत्ये. अजून कोणाला काही चांगलं बोलायचं असेल तर आत्ता बोलून घ्या. अकराला माझी व्यायामाची बाई येते, मग मला वेळ नाही."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी भडभडून आलं. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. मंदाताई मागच्या दाराने आली आणि काय झालं विचारायला लागली. मी तिला सांगितलं तर ती काकांवरच उखडली. "बायको जित्ती आसताना मारलीव तिला. एक लिंबू घालाया काय जात होता?"

मी घरी पोचल्यावर काकांचा मेसेज आला, "आज घरी आलीस. हरकत नाही. समाप्त."

त्यानंतर ग्रुपवर जो धुमाकूळ झाला तो विचारू नका. माफ्या काय, हसणं काय. नाशिकच्या बाईंनी तर फोन करून काकूंपाशी रडून घेतलं. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून माझ्यामार्फत वानवळ्याचा कारभार हातात घेतला. अमक्याच्या सुनेला सातवा लागलाय, लिंबाचं लोणचं घाल. तमक्याला साखर झालीय, पोळीबरोबर थोडं मेतकूट जास्त. मी ते वर कळवायचे आणि काका लुंगी वर खोचून आगरात. सुरंगीच्या झाडाखाली वाकून फुलं वेचणारे काका मी गडग्यावरून पाहिलेत. वळेसर त्यांना गुंफता येईना, तर त्यांनी त्यालाही जहाजी गाठ मारली. नाशिकच्या बाई म्हणाल्या, ह्या वर्षीचा वळेसर तुटता तुटत नाही.

हंगाम संपला. एकही गिऱ्हाईक गेलं नव्हतं, उलट नवी आली होती. शेवटचं पार्सल निघालं त्या संध्याकाळी वरून आवाज आला तो इतका मोठा, की पाखाडीवरचा कुत्रा उठून बसला. "पुण्याला कळव. एकही गिऱ्हाईक कमी नाही. परत कधी. समाप्त."

मी मोठ्या खुशीत कळवलं. उत्तर लगेच आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं.

"छान झालं. तुमचं तुम्हाला सगळं जमतंय म्हणजे माझी काळजी मिटली. मग मी आता इथेच राहत्ये."

मी ते तीनतीनदा वाचलं. वर पाठवायचा धीर होईना. पण निरोप तो निरोप. पाठवला. वरून काहीच आलं नाही. संध्याकाळी गुडघ्यांची चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही खिडकीतून आवाज नाही. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आज वर सामसूम कशी गो?"

दुपारी मी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, तर पाखाडीवरून काका उतरताना दिसले. हळूहळू, गडग्याला हात लावत. मला वाटलं, बाजारात चालले असतील. ते आमच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आले. सासूबाईंची अशी धांदल उडाली की त्यांनी पाण्याचा तांब्या आणि सुपारीचा डबा दोन्ही एकदम आणले. काका ओटीवर बसले, पाणी प्याले आणि मला म्हणाले, "लिहून घे."

मी मोबाइल हातात घेतला.

"फणस पिकले. उतरवायला माणूस नाही. ये. समाप्त. वाच परत."

मी वाचलं.

"नको. फणसासाठी बोलावलं म्हणेल. काढ ते. लिही, मंदाताईच्या मेतकुटाला चव नाही. ये." मग त्यांनीच मान हलवली. "हे खोटं आहे. मेतकूट चांगलं झालंय." मग पुन्हा सांगायला लागले. "लिही, गुडघ्यांना चालणं चांगलं असतं. इथे पाखाडी आहे."

मला हसू आवरेना. सासूबाईही दाराआड हसल्या. काका हसले, पण ते हसू टिकलं नाही. तांब्याकडे बघत म्हणाले, "बोटीवर खलाशी यायचे माझ्याकडे. बायकोला काय कळवायचं ते सांगायचे. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, न लाजता. मी पाठवायचो. आमची ही मला दर पत्रात लिहायची, कधी येताय. मी उत्तर द्यायचो, करार संपला की. तेवढंच. आता ती तिकडे आहे नि मी इकडे, तर मला कळतंय गो, तिने कशी काढली असतील वर्षं."

मी लिहीत नव्हते. त्यांच्या लक्षात आलं. "लिहितेस ना?"

"नाही काका. हे मी लिहिणार नाही."

"तुझं काम आहे ते."

"बाकी सगळं करते. हे तेवढं तुम्ही बोला." आणि त्यांना नको म्हणायला सवड न देता मी काकूंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात दिला.

काकूंनी उचलला. काका फोन हातभर लांब धरून म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"गुडघे कसे?"

"बरे आहेत दोन्ही."

"जेवलीस?"

"केव्हाच." मग काकूंनीच विचारलं, "फोन कसा केलात? तुम्ही तर फोन करत नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघायला लागले. सासूबाई मात्र सरळ दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"मला करमत नाही," काका म्हणाले.

"काय म्हणालात?"

"मला करमत नाही तुझ्याशिवाय. ये परत." हे त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. वर मंदाताई खळ्यात पापड वाळत घालत होती, ती काम सोडून गडग्याशी आली. समोरच्या घरातलं कोणीतरी खिडकीत आलं. काकांना कोणाचं भान नव्हतं. समाप्त म्हणायलाही विसरले.

पलीकडून काकूंनी विचारलं, "ती पोर आहे का तिथे?"

"आहे काकू," मी म्हटलं.

"ऐकलंस ना तू? नाहीतर उद्या म्हणतील, मी असं बोललोच नव्हतो."

"ऐकलं. सगळ्या आळीने ऐकलं."

"मग तिकीट काढ गो माझं," काकू म्हणाल्या. "उद्याचं मिळालं तर उद्याचंच काढ."